घराणे नसलेल्या गवयाचे घराणे

हिंदुस्थानी संगीताच्या जगात नवा गवई दिसला, की जाणकार मंडळी आधी चौकशी करतात ती तो कोणाचा, याची. तो काय गातो, कसा गातो हे नंतर. ग्वाल्हेरचा की किराण्याचा, आग्र्याचा की जयपूर-अत्रौलीचा, हे एकदा कळले की श्रोता निर्धास्त होतो. काय ऐकायचे आणि कशाची अपेक्षा धरायची नाही, हे त्याला उमगते. पं. वसंतराव देशपांडे यांना हा प्रश्न जन्मभर चिकटला होता. त्यावरचे त्यांचे उत्तर आज त्यांच्या गाण्याइतकेच प्रसिद्ध आहे. आपले घराणे आपल्यापासून सुरू होते, असे ते सांगत.

या उत्तरावर श्रोते हसत आणि आजही हसतात. पण ते नुसते हजरजबाबीपणाचे उत्तर नव्हते. ज्या क्षेत्रात गुरूचे नाव उच्चारताना कानाची पाळी धरण्याचा रिवाज आहे, जिथे प्रतिष्ठा मागच्या तीन-चार पिढ्यांच्या हिशेबाने मोजली जाते, तिथे स्वतःलाच मूळपुरुष म्हणवून घेणे ही एक अंगाने बढाई होती. दुसऱ्या अंगाने पाहिले तर ती स्वतःची थट्टा होती, कारण ज्या घराण्यात मागे कोणी नाही आणि पुढचा भरवसा नाही, असे एकट्या माणसाचे घराणे म्हणजे बिनभिंतींचा वाडाच. बढाई आणि थट्टा यांच्यामधल्या या चिंचोळ्या जागेत वसंतरावांनी आपली सारी कारकीर्द उभी केली. ती टिकली ती बव्हंशी त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या रसिकांमुळे. शिक्षणसंस्था, दरबार किंवा वंशपरंपरा यांतले काहीच त्यांच्या पाठीशी नव्हते.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. वाढले मात्र ते नागपुरात, आईच्या एकटीच्या आधारावर. नागपूरच्या उत्तरेला गेले, की आज कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या चिमण्या दिसू लागतात आणि परिसराची ओळख कोळसा-विजेशी जोडली जाते. वसंतरावांच्या बालपणीचे नागपूर वेगळे होते. मध्यप्रांत-वऱ्हाडाची ती राजधानी. मराठी आणि हिंदी तिथे शेजारी नांदत होत्या, आणि पुण्या-मुंबईच्या संगीतविश्वापासून शहर पुरेसे दूर होते. या दूर असण्याचा तोटा उघड आहे. फायदा असा, की कोणत्याही एका घराण्याचा धाक तिथल्या मुलाच्या कानावर नव्हता.

नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे सी. रामचंद्र म्हणून ख्यातनाम झालेले रामचंद्र चितळकरही याच सप्र्यांचे विद्यार्थी. एकाच गुरूच्या हाताखालून गेलेल्या या दोघांनी पुढे जे केले ते पाहण्याजोगे आहे. चितळकरांनी ‘अलबेला’सारख्या चित्रपटात पाश्चात्त्य तालांची धमाल हिंदी गाण्यात आणली आणि आडनावाने स्वतःही गायले. वसंतरावांनी शास्त्रीय संगीताच्या आतच राहून त्याच्या भिंती हलवल्या. सरमिसळीची भीती दोघांनाही नव्हती. याचे श्रेय गुरूला द्यावे की गावाला, हा प्रश्न खुला ठेवलेला बरा.

भालजी पेंढारकरांनी ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात, १९३५ साली, किशोर वयाच्या वसंतरावांना कृष्णाची भूमिका दिली. म्हणजे मैफलीच्या गवयाआधी जगासमोर आला तो गाणारा नट. हे पुढे महत्त्वाचे ठरले.

त्यानंतरच्या गुरूंची यादी पाहिली, की घराण्याचा प्रश्न विचारणाऱ्यांची अडचण ध्यानात येते. पुण्यात किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने. लाहोरात पतियाळा अंगाचे उस्ताद असद अली खाँ. मुंबईत भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ आणि अंजनीबाई मालपेकर. शिवाय रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून ग्वाल्हेरचा संस्कार. या सर्वांवर पसरलेली सावली होती मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीची. किराण्याचा स्वराचा ठहराव, पतियाळ्याची तानेची चपळाई, भेंडीबाजारची सरगम आणि लयीशी चाललेली लपाछपी ही एकमेकांच्या सहज पंक्तीला बसणारी मंडळी नव्हेत. घराणे म्हणजे एका अर्थी वर्ज्य करण्याची शिस्त असते: आवाज असाच लावायचा, राग या क्रमानेच उलगडायचा, अमुक अलंकार आपला नव्हे. इतक्या घरचे पाणी प्यालेल्या माणसाला काहीच वर्ज्य उरत नाही. हीच त्याची श्रीमंती, आणि परंपरेच्या दृष्टीने हाच त्याचा गुन्हा.

लाहोरच्या शिक्षणाची कथा रसिकांत वारंवार सांगितली जाते. असद अली खाँनी या मुलाला काही महिने केवळ मारवा शिकवला आणि त्यानंतर आता तू गवई झालास, असे सांगून मोकळे केले. वरवर ही कथा चमत्कारिक वाटते. एका रागाने गवई कसा होईल? मारव्याचा स्वभाव पाहिला की त्यातले मर्म कळते. या रागात कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम आहेत, पंचम वर्ज्य आहे, आणि ज्या षड्जावर सारे संगीत विसावते त्या षड्जालाच राग शक्यतो टाळत राहतो. संध्याकाळची ती अस्वस्थता त्यातूनच येते. त्याहून महत्त्वाचे असे, की पूरिया आणि सोहनी या रागांचे स्वरही हेच आहेत. स्वर तेच, तरी राग तीन. मग वेगळेपण येते कुठून? कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणत्याला निसटता स्पर्श करायचा, सप्तकाच्या कोणत्या भागात रमायचे, यातून. मारवा पुरता कळला तर राग ही स्वरांची यादी नसून स्वरांची वागणूक आहे, हे कळते. ते कळलेल्या विद्यार्थ्याला पुढचे राग स्वतःच्या बुद्धीने उलगडता येतात. वसंतरावांच्या गाण्यातला निर्भयपणा या शिकवणीत शोधता येतो. पंचमाविना उभा राहणारा राजकल्याण पुढे त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला, हाही योगायोग म्हणता येत नाही.

एवढे शिकून हा गवई बसला कुठे, तर लष्करी हिशेब खात्यात. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तिथे कारकुनी केली. नोकरी पुण्यात, अखेरच्या वर्षांत ईशान्य सीमेकडे बदलीही झाली. दिवसभर कागदांवरच्या रकमा जुळवायच्या आणि सायंकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात तानपुरे जुळवायचे, असा हा दुहेरी संसार. मध्यमवर्गीय महाराष्ट्राला त्यात नवल वाटले नाही, कारण तो वर्ग स्वतःच तसा जगत होता. वसंतरावांच्या चाहत्यांचे पहिले वर्तुळ याच वर्गातून आले: कचेरीतले सहकारी, शिक्षक, डॉक्टर, लेखक, नाटकवाले. पु. ल. देशपांडे त्यांत अग्रभागी. पुलंचा आणि वसंतरावांचा स्नेह महाराष्ट्राला ठाऊक आहे; मैफलीत पुल स्वतः पेटी घेऊन त्यांच्या साथीला बसत. विनोदाचा राजा शेजारी असताना गाणाऱ्याने फार गंभीर चेहरा ठेवणे तसेही अवघडच.

या मंडळींची भक्ती कोणत्या प्रकारची होती, हे समजून घेतले पाहिजे. मोठ्या संगीत परिषदांत बिदागी आणि क्रम यांचा हिशेब मानमरातबाने होतो, आणि मानमरातबात घराण्याचे वजन असते. घरगुती मैफलीत तसे नसते. पंधरा-वीस माणसे, पहाटेपर्यंत चालणारे गाणे, मध्ये चहा, मध्ये किस्से. त्या काळी हौशी रसिक अशा बैठकांत स्पूल टेपरेकॉर्डर घेऊन बसत. या ध्वनिमुद्रणांच्या प्रती एका घरून दुसऱ्या घरी जात, पुढे त्यांच्या कॅसेट झाल्या. बाजारात नसलेले गाणे असे हातोहात पसरले. महाराष्ट्रातल्या अनेक गायकांच्या नशिबी हे भाग्य आले. पण वसंतरावांच्या बाबतीत बैठकीचे गाणे हेच मुख्य गाणे होते, कारण ते कोणत्याही साच्यात बसत नव्हते. ख्यालानंतर ठुमरी, मग नाट्यपद, मग एखादी गझल, आणि मधूनच कोणा जुन्या गायकाची हुबेहूब नक्कल. नकला हा त्यांचा मोठा गुण. मराठी नाट्यसंगीताच्या वाटचालीवर ते जे सप्रयोग कार्यक्रम करीत, त्यांत हा गुण शास्त्राच्या कामी येई: जुन्या ढबी ते गाऊनच समजावीत. ज्याला इतक्यांचे गळे घेता येतात, त्याचा स्वतःचा गळा कोणता, असा खवचट प्रश्नही मग निघे. घराण्याचे उत्तर त्यालाही लागू पडत होते.

टीकाकारांची बाजू पोकळ होती असे मानण्याचे कारण नाही. वसंतरावांचे गाणे चंचल आहे, रागाची एकेक पायरी शांतपणे चढण्याचा संयम त्यात नाही, विलंबित लयीत ते फार काळ रमत नाहीत, बुद्धीचे चमत्कार दाखवण्याचा मोह त्यांना आवरत नाही, हे आक्षेप अडाण्यांचे नव्हते. किराण्याच्या आलापीवर पोसलेल्या कानाला त्यांची एकाएकी आकाशातून कोसळणारी तान खरोखरच खटकू शकते. चाहत्यांना नेमके तेच हवे असे. पुढची जागा कोणती येणार याचा अंदाज चुकण्यात त्यांना आनंद होता. कुमार गंधर्वांनीही त्याच काळात घराण्याची चौकट ओलांडली, पण त्यांच्या बंडामागे विचारांची बैठक होती आणि ते त्याविषयी गंभीरपणे बोलत. वसंतराव त्याच प्रश्नावर एक विनोद करून पुढची चीज सुरू करीत. कुमारांशी लोकांनी वाद घातला. वसंतरावांशी वाद घालणे अवघड होते, कारण हसणाऱ्याशी भांडता येत नाही.

या हसण्याची किंमतही त्यांना मोजावी लागली असावी. आत्मथट्टा ही ढाल म्हणून उत्तम. पण जो स्वतःच स्वतःला हलके घेतो त्याला जगही हलके घेण्याची मुभा मिळते. मिश्किल, बैठकीतला, नाटकातला, नकला करणारा ही विशेषणे प्रेमाने लावली गेली तरी ‘शास्त्रीय गायक’ या पदवीपासून ती माणसाला थोडे थोडे दूर नेतात. चाहत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, हे खरे. चाहत्यांच्या बळावर संसार मात्र चालत नव्हता आणि नोकरी सुटत नव्हती, हेही तितकेच खरे. ती सुटली साठच्या दशकाच्या मध्यावर. वसंतरावांनी तेव्हा पंचेचाळिशी गाठली होती. ज्या वयात गवय्याची कीर्ती स्थिरावते, त्या वयात यांनी पूर्णवेळ गाणे सुरू केले.

आणि मग ‘कट्यार काळजात घुसली’ आले.

नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे नागपूरच्या रंजन कला मंदिरचे दारव्हेकर मास्तर. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ रोजी झाला. वसंतरावांकडे भूमिका होती खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांची. नाटकाचा विषय होता दोन घराण्यांचे वैर. पंडित भानुशंकरांचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांची विद्या मिळवण्यासाठी त्यांच्याच हवेलीत नोकर बनून राहतो. खाँसाहेब आपल्या घराण्याची चीज परक्याला देण्यास तयार नाहीत. आणि त्यांच्या हाती आहे राजगायकाला मानाने मिळणारी कट्यार, जिने केलेला एक खून माफ आहे.

घराण्याच्या अहंकाराने आंधळा झालेला हा उस्ताद रंगभूमीवर उभा केला कोणी, तर ज्याला घराणेच नाही अशा गवयाने! मराठी रंगभूमीवर याहून मोठा मिश्किलपणा क्वचितच घडला असेल. वसंतरावांनी मात्र त्या पात्राची टर उडवली नाही. खाँसाहेबांचा ताठा, त्यांची असूया, विद्येवरचे त्यांचे वेडे प्रेम आणि अखेरची शरणागती त्यांनी अशा समरसतेने साकारली, की प्रेक्षकांना त्या माणसाची भीतीही वाटे आणि दयाही येई. नाटकात एकच पद दोन घराण्यांच्या दोन ढंगांत येते. अभिषेकींनी योजलेला हा फरक म्हणजे सामान्य प्रेक्षकासाठी घराणे या संकल्पनेचे चालतेबोलते प्रात्यक्षिकच. खाँसाहेबांच्या वाट्याच्या पदांत पतियाळ्याची तान, भेंडीबाजारची सरगम आणि दीनानाथांची झेप या साऱ्यांना जागा होती. आयुष्यभर जी मिसळ दोष म्हणून दाखवली गेली, तीच एका काल्पनिक घराण्याची शैली म्हणून प्रेक्षकांनी टाळ्यांच्या गजरात स्वीकारली. आपल्यापासून सुरू होणारे घराणे वसंतरावांना असे नाटकात सापडले. रंगमंचावर का होईना, त्याला नाव मिळाले, हवेली मिळाली, वारसदारांचा प्रश्नही मिळाला.

‘कट्यार’ने त्यांना घरगुती बैठकींतून उचलून गावोगावच्या नाट्यगृहांत नेले. ज्या रसिकांना ख्याल म्हणजे काय हे माहीत नव्हते, त्यांनी खाँसाहेबांसाठी तिकिटे काढली आणि नंतर त्यांच्या मैफलींनाही गर्दी केली. वा. रा. कांत यांच्या कवितेला श्रीनिवास खळ्यांनी दिलेली चाल त्यांनी भावगीत म्हणून गायली, आणि बगळ्यांच्या माळेचे ते गाणे घराघरांत पोचले. १९७९च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटात ते गायले आणि नायिकेच्या पित्याच्या भूमिकेत दिसलेही. शास्त्रीय गायकाने चित्रपटात वडील व्हावे, यात काही शुद्धतावाद्यांना कमीपणा वाटला असेल. कृष्णापासून सुरुवात केलेल्या या नटाला तो वाटण्याचे कारण नव्हते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो १९८२ साली. ३० जुलै १९८३ रोजी त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नोकरी सोडल्यापासूनचा हिशेब मांडला, तर पूर्णवेळ गवई म्हणून त्यांना जेमतेम अठरा वर्षे मिळाली. हिशेब खात्यात याहून अधिक गेली होती.

घराण्याच्या दुसऱ्या पिढीचे काय झाले, हा प्रश्न त्यानंतरचा. विजय कोपरकर आणि चंद्रकांत लिमये ही त्यांच्याकडे प्रत्यक्ष शिकलेली नावे. कोपरकरांनी पुढे अभिषेकींकडेही शिक्षण घेतले. एका गुरूवर न थांबण्याची रीत अशी शिष्यातही उतरली. नातू राहुल देशपांडे आजोबांच्या निधनसमयी चार वर्षांचाही नव्हता. त्याला तालीम मिळाली ती गंगाधरबुवा पिंपळखरे आणि इतरांकडून. आजोबा त्याच्यापर्यंत पोचले ते मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून, म्हणजे बैठकींत यंत्र घेऊन बसणाऱ्या त्या चाहत्यांच्या कृपेने. वारसा बापाकडून मुलाकडे जातो, असे घराण्याचे शास्त्र सांगते. इथे तो श्रोत्यांनी सांभाळून नातवाच्या हाती दिला.

२०१० साली ‘कट्यार’चे पुनरुज्जीवन झाले तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत राहुल उभा राहिला. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला आणि संगीत नाटक न पाहिलेली एक पिढी त्या पदांच्या नादी लागली. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ १ एप्रिल २०२२ रोजी पडद्यावर आला. आजोबांची भूमिका नातवानेच केली, आणि त्यातील गायनासाठी त्याला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कारकून वसंतरावांना ज्या मान्यतेसाठी बासष्ट वर्षे थांबावे लागले, ती त्यांच्या कहाणीला मात्र लवकर मिळाली.

नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये शासनाचे जे मोठे सभागृह आहे, त्याला डॉ. वसंतराव देशपांडे यांचे नाव आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा त्यांच्या नावाचा संगीत समारोहही याच शहरात होतो. तिथे ग्वाल्हेरचे गातात, किराण्याचे गातात, आग्र्याचे आणि जयपूरचेही गातात. निवेदक प्रत्येकाचे घराणे सांगतो, गुरुपरंपरा सांगतो, आणि मागच्या पडद्यावर त्या गृहस्थाचे छायाचित्र असते ज्याला ही ओळख करून देताना निवेदकांची नेहमी पंचाईत होत असे.